फौजींचे पेन्शनर

सई, अशी जवळ ये बाई. कागदावरच का होईना, पण जवळ बस, आणि तो फोन आधी पालथा ठेव. परवा इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तू हसलीस ना, ते मला मुळीच आवडलेलं नाही. कुणीतरी म्हणालं, "आर्मीत जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या आणि इथे येऊन स्वतःच्याच तळहातात गोळी मारून घेतली!" आणि तू चहाचा कप हातात धरून खळखळून हसलीस. चारचौघांत तुला काही बोलले नाही. भाच्याची लेक तू, माझ्या मांडीवर खेळलेली. तुला लोकांसमोर काय रागवायचं? पण ज्या माणसावर हसलीस तो माणूस आहे तरी कोण, ते ऐकून घे. मग हसायचं तर खुशाल हस.

फौजी म्हणजे, त्यांच्या हातात कुठलीही बंद वस्तू दिली की ती उघडून बघितल्याशिवाय ते खाली ठेवत नसत. पेढ्यांचा पुडा असो, माझी पर्स असो, धुऊन पालथा घातलेला डबा असो. घरात पाहुणे आले तरी फौजी कोपऱ्यात बसून त्यांनी आणलेल्या खोक्याचं झाकण हळूच उचलून आत डोकावणार. मला लाज वाटायची. एकदा मी म्हटलंच, "भाऊजी, अहो रिकामा आहे तो डबा. मीच सांगतेय ना?"

त्यांनी झाकण लावलं, डबा सरळ ठेवला आणि म्हणाले, "वैनी, 'रिकामं हाय' म्हणणाऱ्यावर तर अजाबात इस्वास ठेवू नये. जेवढी माणसं चुकून मेली, तेवढी समदी रिकाम्या बंदुकीनंच मेली."

हसत हसतच बोलले, पण त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही.

असे फौजी तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. आखातात प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखादा असतोच. पाठ ताठ, मिशी कातरलेली, आठ जणांच्या खोलीत ज्याच्या पलंगावरची चादर तेवढी सुरकुतीशिवाय असते तो. आमचे फौजी माणदेशातले, नात्याचे नव्हेत, पण सणावाराला जेवायला आमच्याकडेच. आर्मीत ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. पेन्शनीत आल्यावर इथे एका कतरी घरात ड्रायव्हर म्हणून लागले. त्या घरच्या म्हाताऱ्या मालकांना सगळे 'बाबा' म्हणत, मीही तेच म्हणते. बाबांना जुन्या पिस्तुलांचा नाद. शिकारीची किंवा सोन्याने मढवलेली नव्हेत हं. फौजेत शिपायाला आणि अफसराला सरकारने दिलेली, लढाया करून आलेली पिस्तुलं. प्रत्येकाचा रीतसर परवाना. आपला ड्रायव्हर आर्मरर होता हे कळलं त्या दिवसापासून बाबांनी त्यांच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली आणि खोलीची किल्ली दिली.

ती खोली अल अझीझियातल्या त्यांच्या व्हिलाच्या मागच्या अंगणात होती. खजुराच्या झाडांपलीकडे, खिडकी नसलेली, एसी कायम चालू. आत तेलाचा वास आणि अशी थंडी की उन्हातून गेलं की दातांत शिरायची. मी तिथे वर्षातून एकदाच जायची, खंडेनवमीला नैवेद्य घेऊन. खरं सांगू? त्या खोलीत मला कधी बरं वाटलं नाही. काही दिसायचं नाही तसं. पांढऱ्या कपड्यावर ओळीने ठेवलेलं लोखंड, बस. पण त्या ओळीकडे पाठ करून उभं राहायला मन धजायचं नाही.

फौजी त्यांना 'पेन्शनर' म्हणत. "नोकरी झाली, आता बसून खात्यात," म्हणायचे. आणि एकेकाची ओळख अशी करून द्यायचे की जणू पारावर बसलेली म्हातारी माणसं. एक इंग्रजांचं रिव्हॉल्व्हर होतं, मधोमध मोडून उघडायचं. त्याच्या मुठीला खाली कडी. का? तर घोड्यावरून जाताना हातातून सुटलं तर दोरीला लटकून राहावं. "सायेबाचा हात सुटंल, पर पिस्तूल सायेबाला सोडायचं न्हाय," असं म्हणून ते त्या कडीला बोट लावत. एक अमेरिकेचं, जडशीळ. त्याची मूठ पाठीमागून नीट दाबून धरली नाही तर ते बोलतच नसे. "ह्याला मानानं धरावं लागतं, मंग काम करतंय."

जर्मनांचं एक होतं, सडपातळ नळीचं, चालवलं की पाठीवर गुडघ्यासारखं वर मोडणारं. त्याच्या बारीकसारीक प्रत्येक भागावर एकच नंबर ठोकलेला. एखादा भाग बदललेला असला, नंबर जुळत नसला, की शौकीन लोक नाक मुरडतात म्हणे. मी विचारलं, एवढं काय त्या नंबराचं? फौजी बराच वेळ ते फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "वैनी, अंगावर समदे नंबर एकच, म्हंजी जसा गेला तसा धड घरी आल्याला शिपाई. असं लई कमी असत्यात."

एक रशियाच्या घाटाचंही त्यांनी दाखवलं होतं. काळं, साधं, मुठीवर चांदणी. ते मात्र फौजी ओळीत सगळ्यांपासून थोडं लांब ठेवायचे. त्याला अडसराची कळच नव्हती, सेफ्टी म्हणतात ती. "ह्याला 'थांब' ह्यो शबुदच शिकवला न्हाय कुनी," म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात घाईने बनवलेलं. घाईतल्या माणसांसाठी.

कामाचीही त्यांची एक पद्धत होती. जुनं पिस्तूल चकचकीत करून ठेवलं तर ते चिडत. बाबांच्या कुणा दोस्ताने आपलं पिस्तूल पॉलिश करून आणलं होतं, तर फौजींनी ते हातात घेऊन "अरेरे" केलं, जणू कुणी वारलंय. "डाग घालवायचा न्हाय, गंज घालवायचा. डाग त्याचा हाय, गंज आपल्या आळसाचा." बोटांना घाम असतो म्हणून सुती हातमोजे. म्हणून खंडेनवमीलाही हळदकुंकू हत्याराला नाही. कपड्यावर समोर चिमूट चिमूट, आणि वर फक्त एकेक झेंडूचं फूल. तेही देठ नीट पुसून. पूजा म्हणजे तरी काय गं, घंटा नाही, मोठ्याने आरती नाही. परक्या घरातलं परक्या धर्माचं अंगण, त्याचं भान त्यांना होतं. बाबाही मोठ्या मनाचे. त्या सकाळी दारात येऊन म्हणायचे, "फौजी, आज तुम्हारा सफाई का दिन. मेरा आँख बंद." आणि खरंच डोळे मिटून, मिशीत हसत परत जायचे.

बाबांचा धाकटा मुलगा पंचविशीचा. त्याचं नाव मी इथे घेत नाही, धाकटेच म्हणते. वाईट नव्हता गं. गाड्या, दोस्त, मोठ्याने हसणं. त्यालाही त्या खोलीची ओढ होती, पण पोरकट. त्याचं लाडकं पिस्तूल एकच, बेल्जियमच्या घाटाचं. जगातल्या अर्ध्या फौजांनी वापरलं, आपल्याकडच्यांनीही. त्या पिस्तुलाची एक खोड आहे. मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, बाहेर काढली की त्याचा चाप मरतो. कितीही ओढा, काही होत नाही. फौजींनीच त्याला ते एकदा दाखवलं होतं. धाकट्यांना त्याची फार गंमत वाटली. दोस्त आले की डबी काढायची, कुणावरतरी रोखायचं, चाप ओढायचा आणि समोरचा दचकला की टाळ्या. फौजींनी बघितलं की ते काही न बोलता पिस्तूल हातातून काढून घ्यायचे. एकदा मात्र बोलले, माझ्यासमोरच. "छोटे बाबा, ये एक ऐसा है. सब ऐसे नहीं." धाकटे म्हणाले, "खलास फौजी, खलास," म्हणजे पुरे आता, आणि हसत गेले.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली होती. सकाळपासून वारं सुटलेलं, आकाश मातकट, गाडीच्या काचेवर वाळू किरकिरत होती. मी नैवेद्याचा डबा घेऊन पोहोचले तेव्हा ओळ मांडून झाली होती. प्रत्येक पिस्तूल उघडून, आत बोट घालून, दोनदा बघून मग मांडलेलं. फुलं वाहून झाली. फौजींनी हात जोडले. त्यांच्या घरची रीत अशी, की खंडेनवमीला ओळीवर फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं ठेवेपर्यंत त्यातल्या कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. त्यांच्या आज्याने पाळली, बापाने पाळली. आर्मीत असतानाही, ड्युटी नसेल तर, त्यांनी पाळली.

तेवढ्यात बाबा आले. डोळे मिटलेले नव्हते, लाल होते. त्यांचे थोरले भाऊ अल रुवैसला राहायचे, समुद्राकाठी, ते नुकतेच वारले होते. बाबांच्या हातात डोक्याला बांधायच्या जुन्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी रुमाल सोडला आणि ते पिस्तूल ओळीच्या शेवटी, पांढऱ्या कपड्यावर स्वतःच्या हाताने ठेवलं. काळं, साधं, मुठीवर चांदणी. "ये मेरा भाई का," म्हणाले. "इसको भी, फौजी."

फौजींचा हात पुढे गेला. मी बघत होते. पुढे गेला आणि तिथेच थांबला. ओळीत आलं होतं ना ते आता! शिवाय नुकत्याच गेलेल्या भावाची वस्तू, भाऊ समोर उभा. त्याच्यादेखत ती उलटीसुलटी करून तपासायची म्हणजे मेलेल्या माणसावर अविश्वास. मुठीतली डबी नव्हती, ती पोकळी दिसत होती. फौजींनी परातीतलं उरलेलं फूल उचललं आणि त्यावर ठेवलं. "उद्या सोनं वाहिलं की पयलं हेच उघडीन," असं माझ्याकडे न बघता म्हणाले. दाराला कुलूप लावलं. मला उगीचच वाटलं की त्यांनी ते कुलूप नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं.

दुपारी फौजी जेवायला बिन महमूद भागात आमच्या घरी आले. पुरणपोळी केली होती. जेवण नेहमीसारखं नव्हतं. पोळीचा तुकडा तुपात बुडवायचा आणि तसाच ठेवायचा. उठताना मी बाबांसाठी पोळ्यांचा डबा भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने झाकण उघडलं, आत पाहिलं. आणि पाहतच राहिले.

"वैनी," म्हणाले, "मी ते उघडलं न्हाय."

"डबी नव्हती ना हो त्यात?"

"डबी नसली म्हून काय! नळीत एक आसंल तर? आनि छोट्या बाबाला वाटतंय समदी एकासारखी..." चपला पायात अडकवल्या आणि जिना उतरायला लागले. मी पदर खोचून मागे. का गेले मला सांगता यायचं नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघून गेले.

रस्त्यात गाडीतून त्यांनी धाकट्यांना फोन लावले. उचलत नव्हते. शुक्रवारची दुपार, रस्ता रिकामा, आणि वाळूने समोरच्या इमारती अर्ध्या पुसलेल्या. मी बावळटासारखी म्हटलं, "इतकी जुनी गोळी, मेली असेल आता." फौजी म्हणाले, "माणूस म्हातारा हुतो, वैनी. बारूद न्हाय."

व्हिलाच्या दारात धाकट्यांच्या दोस्तांच्या गाड्या उभ्या होत्या. मागच्या अंगणातल्या खोलीचं दार सताड उघडं. दुसरी किल्ली घरात असायचीच. फौजी पुरुषांच्या मजलिसकडे, त्यांच्या बैठकीच्या खोलीकडे गेले. धावत नव्हते, भरभर चालत. मी गाडीतच बसले, तिथे बाईमाणसाने जायचं नसतं. आतून हसण्याचा आवाज आला. मग एक दार आपटल्यासारखा आवाज. आणि मग हसणं थांबलं, सई. एवढी चार-पाच तरुण पोरं आत, आणि एकाचाही आवाज नाही.

फौजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला कुणाचातरी पांढरा रुमाल गुंडाळलेला होता, आणि तो पांढरा राहिला नव्हता.

आत काय झालं ते त्यांनी मला दवाखान्यात सांगितलं. धाकटे ते बाबांच्या भावाचं पिस्तूल समोरच्या दोस्तावर रोखून उभे होते, बोट चापावर, आणि दोस्तांना हसत सांगत होते, "देखो, मॅगझिन नहीं, कुछ नहीं होता." फौजी दारातून ओरडू शकले असते. नाही ओरडले. "वरडलो असतो तर पोरगं दचकलं असतं. दचकलं की बोट आवळतंय." ते सरळ चालत गेले आणि नळीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला. बाजूला वळवायचंच होतं. वळता वळता धाकट्यांचं बोट आवळलं. गोळी तळहातातून गेली आणि सोफ्यात घुसली. समोरचा दोस्त जिथे बसला होता त्याच्या खांद्याच्या अगदी शेजारी.

पोलीस आले तेव्हा फौजींनी सांगितलं, "साफ करताना माझ्या हातून सुटली." धाकटे शेजारी उभे होते. पांढरेफटक. एक शब्द बोलले नाहीत.

मी खवळले. "भाऊजी, हे काय सांगून बसलात? तुमच्यासारख्याने? लोक काय म्हणतील, आर्मरर होता आणि..."

"गप ऱ्हावा वैनी." उशीवर मान तशीच ठेवून ते बोलत होते. "खोटं कुठं बोललो? न उघडता ठेवलं ते मीच. 'डबी काढली की चाप मेला' हे पोराला शिकवलं ते बी मीच. चाप कुनी वडला, ते तर लई शेवटचं झालं."

तू असतीस तर काय बोलली असतीस?

बाबांनी त्यांना परत पाठवलं. दुसरा इलाज नव्हता, आणि खरं तर फौजींनाच राहायचं नव्हतं. बाबा विमानतळावर आले होते, काठी टेकत. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे राहिले, कतरी लोक नाकाला नाक लावतात तसंही केलं. फौजींनी एवढंच मागितलं, "खोली को ताला, बाबा. किसी को चाबी नहीं." मला म्हणाले, "लोकं हसतील, तर हसू द्या. हसली तर ध्यानात ठेवत्याल. बंदूक रिकामी म्हणायच्या आधी एकदा तरी आठवंल त्यांना." आणि माझ्याकडून वचन घेतलं, की खरं कुणाला सांगायचं नाही, त्या पोराचं आयुष्य पुढे आहे. म्हणून इतकी वर्षं मंडळात तो विनोद फिरत राहिला आणि मी ओठ मिटून चहा देत राहिले.

मग आज का सांगतेय? त्याचं कारण ऐक. बाबा या उन्हाळ्यात गेले. मागच्या आठवड्यात मला धाकट्यांचा फोन आला. आवाज ओळखूच आला नाही, बाबांसारखा खाली गेलाय. म्हणाले, "अम्मा, सब को बोलो. मेरा गलती था, फौजी का नहीं. मैं पोलीस को भी बोला, कल." मी खुर्चीवर बसले. पुढे म्हणाले, "रुवैसवाला घर में एक पेटी मिला." काकांच्या घराची भिंत पाडताना निघाली. झाकण उचललं, आत बघितलं, तसंच मिटलं. आत तशीच काळी पिस्तुलं, मुठीवर चांदणी असलेली. किती ते मोजायला थांबले नाहीत. समुद्राच्या हवेत गंजून एकमेकांना चिकटलेली. सगळं सरकारजमा होणार आहे, पोलिसांना कळवलंय. पण ते म्हणाले, "अम्मा, पहले फौजी देखेगा. फिर कोई हाथ लगाएगा."

फौजींनी धाकट्यांना हो म्हटलंय हे कळल्यावर मी त्यांना फोन केला तो भांडायलाच. म्हटलं, सरकारी माणसं आहेत, त्यांना कळतं त्यांचं काम. फौजी म्हणाले, "कळतंय की. त्यांच्याम्होरंच उघडायचीत. पर गंजल्याली म्हातारी हायेत वैनी, त्यांची खोड म्हाताऱ्यालाच ठावं."

"आणि हात?" मी विचारलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. पिस्तूल उघडायचं तर उजव्या हातात मूठ आणि डाव्याने वरचा भाग मागे ओढायचा. तिथे पकड लागते ती नेमकी त्याच बोटांची. गंजलेलं असलं तर दुप्पट, आणि नळीत गोळी राहिलेली असली तर हात निसटून चालत नाही. एवढं मीही शिकलेय त्या खोलीत.

मग म्हणाले, "जमंल की. न जमाया काय झालं?"

ते 'जमंल की' म्हणाले ना, तेच मला तेव्हापासून ऐकू येतंय.

गुरुवारी ते येताहेत. शुक्रवारी माझ्याकडे जेवायला, आणि शनिवारी सकाळी धाकटे त्यांना रुवैसला घेऊन जातील. तर सई, हे वाचून झालं की तुझ्या आईला वाचायला दे, मंडळात ज्या ज्या माणसाने तो विनोद सांगितलाय त्याच्याही हातात दे. आणि तू शुक्रवारी ये. ऑफिसचं काय ते बघ. माफी वगैरे मागू नकोस, त्यांना ते आवडायचं नाही. नुसती शेजारी बसून जेव, भात वाढ, गावाकडे पाऊस कसा झाला ते विचार. मराठीत विचार गं. शनिवारनंतरचं मला काहीच सांगता येत नाही. म्हणून म्हणते, शुक्रवारपर्यंत तरी कशाला थांबतेस? गुरुवारीच ये. मी दार उघडंच ठेवते.